‘मिलिटरी काढून टाका, म्हणजे कॉल येईल,’ असं मुलगा म्हणतो

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं हे पत्र. वय ४३. इन्फंट्रीत २४ वर्षं काढून हवालदार म्हणून आठ महिन्यांपूर्वी पेन्शनवर घरी आले. शेवटची चार वर्षं ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते, फौजेच्या बोलीत ‘सीक्यूएमएच’. शिक्षण बारावी. दोन एकर शेती आहे, ती भाऊ बघतो. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगी दहावीला.

तालुक्याच्या नेटकॅफेत करून घेतलेला पाच पानी बायोडेटा त्यांनी तीसएक ठिकाणी पाठवला. फोन आले चार, चारही सिक्युरिटीचे, बारा तासांच्या ड्यूटीचे. मुलगा म्हणतो, “बाबा, त्यातलं मिलिटरी काढून टाका. कंपनीवाल्यांना ते कळत नाही.” वाचक लिहितात: “चोवीस वर्षं काढून टाकली तर कागदावर उरतं काय? बारावी पास आणि वय त्रेचाळीस. गावात सगळे मेजर म्हणतात, पण खरं सांगतो मॅडम, हुकूम मानण्यापलीकडे मला बाहेरच्या जगातलं काही येत नाही. मग गेटवरच उभं राहावं का?”

दादा,

पत्रासोबत बायोडेटाही पाठवलात ते बरं केलंत. मी तो दोनदा वाचला. पहिल्या पानावर तुमचा वर्दीतला फोटो, उंची, छाती, रक्तगट, जात, वडिलांचं नाव. दुसऱ्यावर सगळ्या पोस्टिंगची यादी, पलटणीच्या नावासकट आणि जागांसकट. मग कोर्स, मग फायरिंग आणि क्रॉस कंट्रीची बक्षिसं, मग मेडल. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे: ‘सीक्यूएमएच, चार वर्षे. विंटर स्टॉकिंग ड्यूटी इमानदारीने केली.’ तेवढीच ओळ. पुढे परत मेडल.

तुम्ही म्हणता तुम्हाला काही येत नाही, म्हणून त्या एका ओळीपाशीच जरा थांबते. उंचावरच्या पोस्टवर बर्फ पडून वाट बंद होण्याआधी पुढच्या कित्येक महिन्यांचं रेशन, रॉकेल, थंडीचे कपडे, औषधं, बॅटऱ्या हे सगळं वर पोचवून ठेवावं लागतं. माणसं किती, दिवस किती, एका माणसाला रोज काय लागतं, त्यातलं खराब किती होणार, हा हिशोब आधी मांडावा लागतो. तो चुकला तर मध्येच दुकानातून आणता येत नाही. हे तुम्ही केलंय. कारखान्यात यालाच मागणीचा अंदाज, साठ्याचं नियोजन आणि पुरवठा म्हणतात आणि त्यासाठी माणसं नेमतात. शिरवळपासून चाकण-तळेगावपर्यंत आणि तिकडे भिवंडीत जी गोदामं उभी आहेत, तिथे रोज हेच चालतं. फरक इतकाच, की तिथे अंदाज चुकला तर ट्रक उशिरा येतो, माणूस उपाशी राहत नाही.

तेव्हा ‘मला काही येत नाही’ हे वाक्य आधी बाजूला ठेवू. तुम्हाला येतं ते बाहेरच्या बोलीत सांगता येत नाही, एवढीच तुमची अडचण आहे आणि ती सुटणारी आहे. हुकूम मानण्याबद्दल लिहिलंत, तिथेही मी अडले. ‘कंपनीचं भांडार बघ’ हा हुकूम तीन शब्दांचा असतो. कुठली खोली, कुठला रॅक, कुठली नोंदवही, कुणाला किती, तक्रार आली तर काय, हे सगळं हवालदाराने स्वतः ठरवायचं असतं. ते चार वर्षं ठरवणाऱ्या माणसाने ‘मी फक्त हुकूम मानला’ म्हणू नये. ते खरंही नाही.

आता मुलाचं म्हणणं. त्याच्यावर रागावू नका, निम्मं त्याचं बरोबर आहे. कंपनीवाल्यांना कळत नाही, हे अगदी खरं. मी हे पलीकडच्या खुर्चीत बसून पाहिलंय. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं माणसं निवडण्याचं काम केलं. स्टोअरच्या जागेसाठी आलेल्या अर्जांत एकदा एका निवृत्त नाईकांचा बायोडेटा होता. ‘कोत एनसीओ, ३ वर्षे’ असं त्यात लिहिलेलं. एनसीओ म्हणजे नाईक, हवालदार असे हुद्दे, एवढं ठाऊक होतं; कोत म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. टेबलावर शंभरावर अर्ज होते, मी तो बाजूला सारला. पण तो शब्द डोक्यात राहिला, म्हणून संध्याकाळी निघताना गेटवरच्या गार्डदादांना विचारलं. ते फौजेच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहनाच्या दलातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “मॅडम, कोत म्हणजे हत्यारांची खोली. एकेका रायफलचा नंबर रजिस्टरला असतो. बाहेर गेली की सही, आत आली की सही. रोज मोजणी. एक नग कमी आला तर अख्खी पलटण झोपत नाही.” मी दुसऱ्या दिवशी त्या नाईकांना फोन केला, तर ते तोवर दुसरीकडे रुजू झाले होते. त्या माणसाइतका चोख स्टोअरकीपर आम्हाला पुढे वर्षभर मिळाला नाही. आणि मला ज्याने हे समजावलं तो माणूस सहा वर्षं आमच्याच गेटवर उभा होता. फौजेत तो काय करत होता हे कारखान्यात कुणी त्याला विचारलं नव्हतं, मीसुद्धा. त्याची खंत मला आजही आहे. हे सदर लिहायला बसते तेव्हा असे ‘बाजूला सारलेले’ अर्ज मला आठवतात.

म्हणून मुलाच्या उरलेल्या निम्म्याला माझा ठाम विरोध आहे. मिलिटरी काढू नका. चोवीस वर्षांची रिकामी जागा दिसली की समोरचा नको ते तर्क करतो, आणि मुलाखतीत ती झाकताना तुम्ही अवघडून जाल. तुमच्या आवाजात ते कळेल. फौज कागदावर राहू द्या, पण ज्याने आयुष्यात फौज पाहिली नाही त्या सव्वीस वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला वाचता येईल अशा शब्दांत राहू द्या. अर्ज आधी त्यांच्या हातात पडतो. मोठ्या कंपन्यांत तर त्याआधी संगणकच चाळणी लावतो. जाहिरातीतले शब्द अर्जात सापडले नाहीत की तो मागे पडू शकतो. जाहिरातीत ‘इन्व्हेंटरी’ असेल आणि तुमच्या कागदावर ‘क्यूएम स्टोअर’ असेल, तर त्या यंत्राला दोन्ही एकच हे कुठून कळणार?

बायोडेटा म्हणजे सेवेचा अहवाल, ही समजूतही जरा तपासून बघा. सेवेचा अहवाल तुमच्याकडे आहेच: तुमची डिस्चार्ज बुक. तिच्यात तारखा, कोर्स, मेडल, कॅरेक्टर सगळं शिक्क्यानिशी आहे. ती कुणी हिरावून घेत नाही. अर्जासोबत जाणाऱ्या कागदाचं काम फार छोटं आहे: ‘या माणसाला बोलावून बघू’ असं समोरच्याला वाटावं, बस्स. म्हणून तो दोन पानांच्या वर नको. आणि एकच बायोडेटा तीस ठिकाणी पाठवायचा नसतो. गोदामाच्या जागेला एक, प्रशासनाच्या जागेला दुसरा. मजकूर तोच, पण पुढे-मागे केलेला.

आता प्रत्यक्ष बदल सांगते. वर्दीतला फोटो काढा. साध्या शर्टातला लावा, किंवा लावूच नका. उंची, छाती, रक्तगट, जात, धर्म, वडिलांचं नाव ही सगळी माहिती भरतीच्या मैदानात लागत होती, लग्नाच्या बायोडेटात लागते, इथे तिचं काम नाही. नावाखाली आज ‘एक्स हवालदार’ आणि पुढे पलटणीचं नाव आहे. तिथे तुम्हाला हवं असलेलं काम लिहा: ‘स्टोअर आणि वेअरहाऊस सुपरवायझर, भांडार व पुरवठ्याचा अनुभव, भारतीय सैन्यात २४ वर्षे’. हुद्दा पुढे अनुभवाच्या रकान्यात येईलच, आणि जो आहे तोच लिहा. गावाने प्रेमाने मेजर म्हणावं, आपल्याकडे निवृत्त फौजीला मेजर म्हणायची रीतच आहे, पण कागदावर मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा आहे. कुणाला निवृत्तीच्या वेळी मानद नायब सुभेदारी मिळाली असेल, तर त्यांनी ‘मानद’ हा शब्द सोडू नये.

मग अनुभव. तुमची जुनी ओळ अशी आहे: ‘सीक्यूएमएच, चार वर्षे. विंटर स्टॉकिंग ड्यूटी इमानदारीने केली.’ ती मी अशी लिहीन:

‘सुमारे १२० जणांच्या तुकडीचे भांडार चार वर्षे सांभाळले. धान्य, कपडे, तंबू, साहित्य यांची मागणी, आवक, वाटप आणि नोंदवह्या. हाताखाली चार जण. वाट बंद राहणाऱ्या दुर्गम ठाण्यांसाठी अनेक महिन्यांच्या साठ्याचे नियोजन. तुकडीच्या स्थलांतरात संपूर्ण साहित्याची बांधणी, रेल्वेने वाहतूक आणि पोचल्यावर मोजणी. वार्षिक पडताळणीत तूट नाही.’

हाताखालचे चार आणि तूट नसणं, हे मी तुमच्या पत्रातल्या सुरावरून धरलंय. आकडे तुमचे तुम्ही घाला. आणि एखाद्या वर्षी दोन तंबू कमी भरले असतील तर ‘तूट नाही’ लिहू नका. तेव्हा काय केलंत ते मुलाखतीत सांगा, ते जास्त ऐकलं जाईल. आकडा खरा असेल तरच त्याला वजन असतं. पण आकडा हवा. ‘इमानदारीने ड्यूटी केली’ हे प्रत्येकजण लिहितो. ‘१२० जण’ हे तुम्हीच लिहू शकता.

इतरही फौजी वाचक हे वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. एमटीत, म्हणजे फौजेच्या वाहन विभागात असाल तर ‘एमटी एनसीओ’ म्हणून थांबू नका. किती गाड्या, कुठल्या प्रकारच्या, रोजची कार डायरी, डिझेलचा हिशोब, सर्व्हिसिंगचं वेळापत्रक, किती ड्रायव्हर हाताखाली, घाटातलं आणि बर्फातलं ड्रायव्हिंग, अपघाताविना किती वर्षं, हे लिहा. बाहेर त्याला फ्लीट सांभाळणं म्हणतात. लंगर चालवला असेल तर रोज किती जणांचं जेवण, किती वेळा, धान्याची मोजदाद कशी, ते लिहा. इस्पितळं, वसतिगृहं, कारखान्यांची कँटीन यांना असा माणूस शोधून सापडत नाही. क्लार्क असाल तर ‘पार्ट टू ऑर्डर’ हे शब्द बाहेर कुणाला कळणार नाहीत. ‘कर्मचाऱ्यांच्या रजा, बढती, कुटुंबाची माहिती आणि पगारावर परिणाम करणाऱ्या सर्व नोंदी’ असं लिहिलंत की कुठलंही एचआर खातं जागं होईल. सेक्शन कमांडर होतात? दहा जणांची तुकडी, त्यांचं प्रशिक्षण, शिस्त, सुरक्षितता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगो, दक्षिण सुदान किंवा लेबनॉनला जाऊन आलात? मग परदेशी सैनिकांबरोबर आणि स्थानिक लोकांबरोबर काम केलंत हे ठळक लिहा. ईएमई (यंत्रदुरुस्ती), सिग्नल्स, सॅपर्स (इंजिनिअर), मेडिकल यांतल्या ट्रेडवाल्यांचं काम तुलनेने सोपं. फौजी ट्रेड आणि बाहेरचा ट्रेड यांची सांगड सरकारी पातळीवर घातलेली आहे, ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून तोच नागरी शब्द बायोडेटात वापरा.

कोर्सच्या बाबतीत हात आखडता घ्या. तुमचे अकरा कोर्स आहेत. गोदामवाल्याला मॉर्टरचा कोर्स नको. ज्युनिअर लीडर्सचा कोर्स ‘पथकप्रमुखांसाठीचं नेतृत्व प्रशिक्षण’ म्हणून ठेवा, साठ्याशी किंवा दप्तराशी संबंधित असतील ते ठेवा, बाकीचे डिस्चार्ज बुकमध्ये सुरक्षित आहेत. मेडलचं मला वाईट वाटतंय, कारण दोन पानं तुम्ही मेडललाच दिलीत आणि ती का दिलीत ते मला कळतं. पण नऊ वर्षांच्या आणि वीस वर्षांच्या सेवेचं मेडल म्हणजे काय, ते अर्ज वाचणाऱ्या त्या सव्वीस वर्षांच्या मुलीला कळणार नाही. एक ओळ पुरे. शौर्याचं पदक किंवा सेनाप्रमुखांचं प्रशस्तिपत्र असतं, तर ते कशासाठी मिळालं हे साध्या भाषेत एका वाक्यात लिहा म्हटलं असतं. मात्र एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत: डिस्चार्ज बुकमधलं कॅरेक्टर. तुमचं ‘एक्झेम्प्लरी’ आहे, पत्रात सहज उल्लेख केलात. २४ वर्षांच्या वर्तणुकीवरचा हा सरकारी शेरा आहे. तो बायोडेटात गेलाच पाहिजे.

जे लिहायचं नाही, त्यात सगळ्यात वर पोस्टिंगची यादी आहे. कुठली पलटण, कुठल्या साली, कुठल्या सेक्टरमध्ये, कुठलं हत्यार, किती बळ, हे नोकरीच्या वेबसाइटवर टाकायचं नसतं. तो कागद कुणाच्या हाती जाईल हे आपल्याला माहीत नसतं. निवृत्त झालं तरी शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा आपल्याला लागू राहतो. ‘उत्तर भारतातील अतिउंच भागात सेवा’ एवढं पुरतं. आधार, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, बँकेचा तपशील बायोडेटात नको. आणि नोकरीसाठी कुणी डिपॉझिट, फॉर्म फी, युनिफॉर्मचे पैसे मागितले तर तो फोन तिथेच ठेवा. पेन्शनीच्या एकरकमी पैशावर डोळा ठेवून फिरणारे पुष्कळ आहेत.

बायोडेटा इंग्रजीत लागेल, पुण्याकडच्या कंपन्यांना तोच चालतो. तरी आधी मराठीत लिहा, तुमच्या हाताने, वहीत. मग मुलाकडे द्या. त्याला म्हणा, यातलं मिलिटरी काढू नकोस, तुला कळेल असं इंग्रजीत लिही, आणि जो शब्द कळणार नाही तो मला विचार. तो विचारेल, ‘बाबा, इंडेंट म्हणजे काय?’ तुम्ही सांगाल, मागणीपत्र. मला वाटतं तुमच्या नोकरीबद्दल तुम्ही दोघं इतकं आधी कधी बोलला नसाल. सुट्टीवर आलेला बाप घरचं बघतो, पलटणीचं बोलत नाही. एक संध्याकाळ तरी यासाठी काढा.

शिक्षणाचा भाग जपून लिहा, इथे बरेच फसतात. १५ वर्षं सेवा झालेल्या दहावी उत्तीर्ण माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट क मधल्या राखीव जागांसाठी, जिथे पदवी मागितली असेल आणि तांत्रिक अनुभवाची अट नसेल तिथे, पात्र धरतात. सेवेवर मिळणारं तसं पदवी समकक्ष प्रमाणपत्र तुमच्याकडे असेल तर जपून ठेवा. पण खाजगी कंपनीच्या अर्जात ‘ग्रॅज्युएट’ असं सरळ लिहू नका. पडताळणीत ते अडकतं आणि चोवीस वर्षांच्या नावाला बट्टा लागतो. ‘बारावी, सैन्यसेवेनुसार पदवी समकक्ष प्रमाणपत्र’ असं लिहा. खरी पदवी हवी असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रस्ता उघडा आहे, नोकरी करता करता होते. त्याआधी मात्र संगणक. फौजेत लेजर हाताने लिहिलं असेल. आता तालुक्यालाच एक्सेलचा आणि जीएसटीच्या बिलांचा तोंडओळखीचा वर्ग लावा. दोन-तीन महिने जातील. गोदामाच्या जागेला तुमच्यात उणीव असलीच तर हीच एक आहे, आणि ती भरून निघते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. सरकारी वाटेकडे तुम्ही बघितलेलंच दिसत नाही. ‘वय त्रेचाळीस’ म्हणून मन खचवू नका. केंद्राच्या गट क च्या भरतीत माजी सैनिकाच्या वयातून सैन्यसेवेची वर्षं वजा करतात, आणि उरलेलं वय मर्यादेपेक्षा ३ वर्षांहून जास्त नसलं म्हणजे झालं. तुमचे ४३ वजा २४, म्हणजे १९. केंद्रीय गट क मध्ये १० टक्के, सार्वजनिक बँका आणि उपक्रमांच्या गट क मध्ये १४.५ टक्के, महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मध्ये १५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी आहेत. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोकरीसाठी नाव नोंदवलंय का? पत्रात उल्लेख नाही. नसेल तर या आठवड्यात जा. तिथे आणखी एक विचारा: माजी सैनिकाच्या कोट्यातून एका सरकारी नोकरीत रुजू झाल्यावर पुन्हा तो कोटा सहसा मिळत नाही, पण रुजू होण्याआधी केलेल्या अर्जांची तारीखवार माहिती लेखी दिली तर पुढची एक संधी राहते. तो कागद कसा द्यायचा ते आधी समजून घ्या. परीक्षेचा अभ्यास लागेल, निकाल लांबतील. म्हणून ही वाट आणि खाजगी वाट दोन्ही एकदम चालू ठेवा. जे अजून नोकरीत आहेत त्यांनी मात्र शेवटचं वर्ष वाया घालवू नये. दिल्लीच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे कोर्स त्यासाठीच असतात. नुसतं प्रमाणपत्र मिळतंय म्हणून न निवडता, आपल्या जिल्ह्यात ज्याला काम आहे ते निवडा.

आणि गेट. गार्डच्या कामाला मी हलकं म्हणणार नाही, त्या सिग्नल्सवाल्या दादांना विसरून तर मुळीच नाही. तुमचा राग कामावर आहे की तुम्हाला दुसरं काही विचारलंच गेलं नाही यावर, हे मात्र स्वतःला विचारा. सिक्युरिटीत जायचंच असेल तर सुपरवायझर किंवा त्याच्या वरच्या जागेसाठी जा, त्यासाठी तिसरा बायोडेटा करा, आणि तास, पीएफ, ईएसआयसी, साप्ताहिक सुट्टी लेखी घ्या. खाजगी सुरक्षा एजन्सीला २००५ च्या कायद्याखाली परवाना लागतो, तो बघायला मागा. पुण्याच्या ‘मेस्को’ या माजी सैनिक महामंडळाकडेही चौकशी करा, ते शासनाचंच आहे. बारा तासांची ड्यूटी, पीएफ नाही, सुट्टी नाही, असल्या जागेला ‘नाही’ म्हणताना अपराधी वाटून घेऊ नका. पेन्शन चालू आहे, घर उपाशी नाही. चार-सहा महिने नीट शोधायची सवड तुम्ही २४ वर्षं राबून कमावलीत.

मुलाखतीचं दोनच गोष्टींत सांगते. तुम्ही ‘आम्ही’ म्हणता. पत्रभर आम्ही, पलटण, कंपनी. फौजेने ते शिकवलं आणि ते चांगलंच आहे. पण समोरचा विचारतो तुमच्याबद्दल. ‘आम्ही सामान हलवलं’ म्हटलंत तर त्याला कळत नाही की यादी कुणी केली. ‘यादी मी केली, वॅगनमध्ये भरताना मी उभा होतो, पोचल्यावर मी मोजलं.’ असं बोलणं बढाईचं वाटेल, घशात अडेल. घरी वहिनींसमोर दहा वेळा बोलून बघा, अकराव्यांदा अडणार नाही.

दुसरी गोष्ट पगाराची. कधी ना कधी कुणीतरी हसून म्हणेल, “तुम्हाला तर पेन्शन आहे, मग एवढ्या पगाराची काय गरज?” आपली माणसं इथे गप्प बसतात आणि मिळेल ते घेतात. गप्प बसू नका. शांतपणे म्हणा, “पेन्शन मी आधी केलेल्या नोकरीची आहे साहेब. पगार या कामाचा बोलू.” जायच्या आधी त्या भागात त्या कामाला काय देतात याची दोन-तीन ठिकाणी चौकशी करा आणि तो आकडा तोंडात ठेवा. तुमचा साहेब तुमच्या मुलाहून पाचएक वर्षांनी मोठा असेल, त्याचीही मनाची तयारी करून जा. नव्या लेफ्टनंटला हाताशी धरून तुम्ही कंपनी शिकवली असेलच. तसंच समजा.

अग्निवीरांचीही पत्रं अलीकडे येतात. २०२२ च्या योजनेतून गेलेल्या पहिल्या मुलांची चार वर्षं आता भरत आलीत आणि चारातल्या तिघांना बाहेर यावं लागणार. त्यांना एवढंच सांगते की तुमचा बायोडेटा हवालदारदादांसारखा करू नका. तुमच्याकडे वय आहे. शिक्षण आणि शिकलेलं कौशल्य वर घ्या, कौशल्य प्रमाणपत्र जोडा, आणि चार वर्षांत काय काय हाताळलंत ते चार ओळींत सांगा. त्यांच्यासाठी वेगळं लिहीन.

दादा, आता तुमच्यासाठी पहिलं काम. वहीचं एक पान घ्या. सीक्यूएमएच म्हणून तुमचा एक दिवस लिहा, पहाटे कुलूप उघडल्यापासून रात्री कुलूप लावेपर्यंत. कुणाकुणाला काय दिलं, काय परत घेतलं, कुठे सही केली, कुणाशी भांडलात. त्यातून बायोडेटाच्या सहा ओळी निघतात, मला खात्री आहे. निघाल्या की मला पाठवा, मी बघते.

आणि ती जुनी पाच पानं फाडू नका. वर्दीतला फोटो, सगळ्या पोस्टिंग, सगळी मेडल त्यात क्रमाने लागली आहेत, तुमच्या घरात दुसरीकडे कुठे ती अशी लिहिलेली नसतील. डिस्चार्ज बुकच्या मागे, त्याच फायलीत लावून ठेवा. मुलीला ती फाईल कुठे असते ते दाखवून ठेवा.